स्पंज जिवंत दाखवायचा तर

रायपुरात प्राणिशास्त्र शिकवायचं म्हणजे समुद्राविना समुद्री जीव शिकवायचे. पुरीचा किनारा गाठायचा तर रात्रभराची रेल्वे. शंकर नगरातल्या आमच्या घराजवळ तेलीबांधा तलाव आहे, त्याच्या काठाला इथले लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथे फिरताना मला हेन्री कार्टर आठवतो. मुंबईत नोकरीला असलेल्या या इंग्रज डॉक्टरने समुद्र दाराशी असताना तळ्यांमधले स्पंज अभ्यासले आणि १८४९ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. ‘युनेपियस कार्टेरी’ हा स्पंज त्याच्याच नावाचा. स्पंजांच्या ज्ञात सुमारे ९,००० जातींपैकी गोड्या पाण्यातल्या जेमतेम अडीचशे, पण आमच्यासारख्यांना त्यांचाच आधार.

प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्या असतातच. सायकॉन, युप्लेक्टेला या स्पंजांचे आकार मुलं पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर ओळखतात. मला ते पुरेसं वाटत नाही. स्पंजाचं सगळं जगणं त्याच्यातून वाहणाऱ्या पाण्यावर चालतं, आणि बरणीत ते वाहणंच थांबलेलं असतं.

म्हणून मी उन्हाळ्यात तळी आटली की उघड्या पडलेल्या दगडांवर आणि बुडालेल्या फांद्यांवर जेम्यूल शोधतो. खसखशीपेक्षाही बारीक, पिवळसर तपकिरी दाणे. स्पंज मरून वाळतो, पण या दाण्यांच्या जाड कवचात त्याच्या पेशी कोरड्या दिवसांतही टिकून राहतात. कागदाच्या पुडीत ते निवांत राहतात. पावसाळ्यात वर्ग सुरू झाले की थोडे दाणे काचेच्या बशीत, गाळलेल्या तळ्याच्या पाण्यात सोडायचे. नळाचं पाणी नको, क्लोरीन त्यांना सोसत नाही. बशी उन्हापासून लांब ठेवायची आणि हलवायची नाही. काही दिवसांत दाण्याच्या बारीक तोंडातून पांढुरका थर बाहेर सरकतो, काचेला चिकटतो, पसरतो. मग एके दिवशी त्यावर पारदर्शक नळी उभी राहते. ते ऑस्क्युलम, स्पंजाचं पाणी बाहेर सोडणारं तोंड.

आता पाण्यात चिमूटभर कार्मिन, म्हणजे लाल रंगाची पूड. सूक्ष्मदर्शकाखाली लाल कण कडेकडेने स्पंजाकडे ओढले जातात आणि दिसेनासे होतात. थोड्या वेळाने आतल्या कप्प्यांत लाली साठलेली दिसते आणि नळीतून पाण्याची धार निघते. १८२५ साली रॉबर्ट ग्रँटने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या स्पंजात अशीच धार पाहिली होती. “सर, ये तो ज़िंदा है!” असं कुणीतरी ओरडतंच.

इथे मी घाई करत नाही. या प्राण्याला हृदय नाही, स्नायू नाहीत, चेताही नाही. आतल्या कॉलर पेशींच्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, आपापल्या लयीत हलतात, त्यांना कुणी ताल देत नाही. तरी पाणी एकाच दिशेला जातं. आतल्या असंख्य कप्प्यांचं एकत्रित क्षेत्रफळ मोठं, म्हणून तिथे पाणी संथ होतं आणि पेशींना त्यातले जिवाणू टिपायला वेळ मिळतो. बाहेरचं तोंड अरुंद, म्हणून तिथे तेच पाणी वेग घेतं आणि वापरलेलं पाणी दूर फेकलं जातं. पुन्हा तेच आत येत नाही. इतक्या साध्या देहातली ही रचना मला दर वर्षी नव्याने थक्क करते.

यानंतरच सायकॉनची बरणी टेबलावर येते. मुलं आता आधी वरचं तोंड शोधतात. जर्नलमधल्या आकृतीत पाण्याची दिशा दाखवणारे बाण नसतील, तर मी सही करत नाही.