एका श्लोकाचा कागद

प्रबंध बहुधा अडतो तो संपूर्ण प्रबंध एकदम डोळ्यांपुढे उभा राहिल्यामुळे. आमचे तिसरे प्रकरण असेच कित्येक महिने निपचित पडले होते. मार्गदर्शकांनी त्याविषयी विचारणेही सोडून दिले होते आणि ते मौन प्रश्नांहून जड वाटे.

त्याच काळात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची हकिगत वाचनात आली. पुण्यात १९१९ मध्ये आरंभलेले हे काम १९६६ मध्ये तडीस गेले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्येच निवर्तले. तरी काम थांबले नाही. त्याचे मर्म आम्हांस पाठनोंदीच्या पद्धतीत दिसले. चौकटी आखलेला कागद. वर आधारभूत पाठातील श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखितातील पाठभेद. तो कागद भरणाऱ्याला त्या दिवशी महाभारत पुरे करायचे नव्हते.

आम्ही प्रकरणाला हेच माप लावले. रोज एक कविता, एक कागद. कागद भरला की उठायचे, हात चालत असला तरी. म्हणजे उद्याला काही उरते. एखाद्या दिवशी ‘सांगण्याजोगे काही आढळले नाही’ एवढेच लिहिले जाई. पण पाठभेद नसणे हीही नोंदच असते. पुढे त्या कागदांतूनच प्रकरणाला आकार आला.

स्फूर्तीची वाट पाहत बसलेला विद्यार्थी भेटला, की आम्ही आता एवढेच विचारतो : आजचा कागद कोणता?