पाच स्पीकर आणि दोन रिकामे पाइप

सिडकोतल्या आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर चारी कोपऱ्यांत कॉलमच्या सळया वर निघालेल्या आहेत. २००४ साली स्लॅब पडला तेव्हा पप्पांनी त्या मुद्दाम सोडायला लावल्या. पुढंमागं वर एक मजला चढवायचा झाला तर खालचं काही फोडायला नको. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वरचा मजला कुणासाठी, हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण घरात मुलगा मी एकच. आज त्या सळयांना आई कपड्यांची दोरी बांधते आणि दर पावसाळ्याआधी पप्पा त्यांना सिमेंटचं पाणी फासतात, गंजू नयेत म्हणून. आमच्या गल्लीत अशा गच्च्या बऱ्याच आहेत, त्यामुळे मला त्यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. दिसलं ते २०२३ च्या दिवाळीआधी, होम थिएटरचा रिसीव्हर निवडताना.

रिसीव्हर म्हणजे सगळ्याच्या मधला डबा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल यांच्याकडून आवाज घ्यायचा, तो उलगडायचा आणि प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा ताकद देऊन पोचवायचा, हे त्याचं काम. साउंडबार घेतला की विषय तिथंच मिटतो. रिसीव्हर घेतला की आज दोन स्पीकर, पुढच्या वर्षी आणखी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी सबवूफर असं वाढवत नेता येतं. माझ्यासारख्या हप्त्याहप्त्याने हौस करणाऱ्या माणसाला हे फार पटतं. कोविडपासून मी घरूनच काम करत होतो, थोडे पैसे साठले होते. बजेट ठरलं साठ हजार, स्पीकर आणि वायरसकट.

मी इंजिनियर, म्हणजे आधी एक्सेल शीट. तेवीस मॉडेल, अकरा रकाने. शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘फ्यूचर’ आणि निकाल त्याच रकान्यावर लागणार होता.

आकड्यांची भाषा सोपी आहे. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर: समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, मागे दोन. ७.२ म्हणजे आणखी दोन स्पीकरांची सोय आणि दोन सबवूफर. तिसरा आकडा आला, जसं ५.१.२, तर तो डोक्यावरच्या स्पीकरांचा. हे डॉल्बी अ‍ॅटमॉस. थिएटरात ते २०१२ साली आलं आणि दोन वर्षांनी घरगुती रिसीव्हरांत. म्हणजे ५.१.२ साठी किमान सात चॅनलचा डबा लागतो. सोनीच्या स्वस्त जोडीतच हा फरक सरळ दिसतो: एसटीआर-डीएच५९० मध्ये पाच चॅनल आणि अ‍ॅटमॉस नाही, एसटीआर-डीएच७९० मध्ये सात चॅनल आणि अ‍ॅटमॉस आहे.

माझ्या शीटवर सातवाले हिरवे होते, पाचवाले लाल. जालना रोडवरच्या दुकानातही तेच ऐकलं, "भाई, फ्यूचरचा विचार करून घ्या." अडचण एकच होती. सातवाला चांगला डबा घेतला की स्पीकरांसाठी फारसं काही उरत नव्हतं. मी म्हटलं, हरकत नाही. आत्ता जुनेपाने दोन स्पीकर लावू, बाकीचं पुढे बघू. सळया तर सोडून ठेवू.

पप्पा एकदा मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर वॅटचा रकाना होता.

"किती आवाज पाहिजे तुला?"

त्यांना समजावताना मलाच हिशेब नीट कळला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४० वॅट छापलेले असतात. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू असताना. पाचही चॅनल एकदम चालले, सगळे सूर एकदम आले, तर तो आकडा बराच खाली येतो. तसं त्याने बिघडतही नाही. साधारण बरा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज काढतो. आमच्या हॉलमध्ये सोफा नऊ फुटांवर, म्हणजे तिथे पोचेपर्यंत अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. माणसं गप्पा मारतात ती साठ डेसिबलला. डेसिबलमध्ये दहाने वाढायचं तर ताकद दहापट लागते. म्हणजे अठ्ठ्याऐंशीला दहा वॅट आणि अठ्ठ्याण्णवला शंभर. वॅट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात, खोलीत ते फारसे जाणवतही नाहीत. दहा बाय चौदाच्या हॉलला दहा वॅट पुरून उरतात.

"अठ्ठ्याऐंशी म्हणजे किती?" पप्पांनी विचारलं.

मी शोधून सांगितलं, की कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वदची मर्यादा असते. पप्पा हसले. वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. तिथे डेसिबल कुणी मोजल्याचं त्यांना आठवत नाही. कानात कापसाचे बोळे घालायचे, आणि तेही सुपरवायझरचं बोलणं ऐकायला काढून टाकावे लागायचे.

"आवाज येतो रे मला," ते म्हणाले. "शब्द कळंनात."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, पण तक्रार म्हणून. टीव्हीचा आवाज वाढवा, अजून वाढवा, मग आईचं ओरडणं. त्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्राम म्हणजे शेवटी एक ग्राफच. खालच्या सुरांना रेघ बऱ्यापैकी सरळ होती आणि ४००० हर्ट्झच्या जवळ येताच खड्ड्यात उतरली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या कानांचा खड्डा बहुतेक तिथेच पडतो. डॉक्टरांनी समजावलं. अ, आ, ओ हे स्वर जड असतात, खालच्या सुरात असतात, ते पोचतात. स, श, फ, थ ही व्यंजनं हलकी आणि वरच्या सुरातली, ती गळून पडतात. ‘साठ’ म्हटलं तर ‘आठ’ ऐकू येतं. आवाज वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत आणखी मोठं होतं, आणि स तिथेच राहतो. कानाच्या मशीनचं नाव काढल्यावर पप्पा म्हणाले, "बघू पुढं." घरी येताना स्कूटरवर कुणीच काही बोललं नाही.

रात्री शीट उघडली. अकरा रकाने होते, पण बाराव्याचा विचारच मी केला नव्हता: ऐकणार कोण? फ्यूचरच्या रकान्यात मी वाढणाऱ्या वस्तू लिहिल्या होत्या. इथे एक वस्तू दर वर्षी थोडी कमी होत जाणार होती.

मग मी शीट पुन्हा मांडली. सुरुवात, कोणती वस्तू किती लवकर म्हातारी होते यापासून. सगळ्यात आधी म्हातारा होतो तो रिसीव्हर, कारण एचडीएमआयचं नवं व्हर्जन दर काही वर्षांनी येतं. २०२० मध्ये भविष्याचा विचार करून ज्यांनी महागडे पहिले एचडीएमआय २.१ वाले रिसीव्हर घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या डब्यात सदोष चिप निघाली आणि नव्या गेमिंग कन्सोलचं चित्र त्यातून पुढे जाईना. ज्या भविष्यासाठी पैसे मोजले, नेमकं तेच चाललं नाही. सुटसुटीत एआरसीवरही ओटीटीचा अ‍ॅटमॉस जातो. ईएआरसी खरं तर लागतं ते ब्ल्यू-रेच्या न दाबलेल्या आवाजासाठी, आणि आमच्या घरात ब्ल्यू-रे प्लेअर नाही, येण्याची शक्यताही नाही. स्पीकरचं उलट. चांगला स्पीकर वीस वर्षं चालतो. तांब्याची वायर त्याहून जास्त.

आमच्या धंद्यात ‘यॅग्नी’ नावाचा नियम आहे: ज्याची गरज आज नाही, तो कोड आज लिहू नका. ऑफिसात मी ज्युनियर मुलांना तो ऐकवतो. घरी मात्र सहाव्या-सातव्या चॅनलसाठी खिसा रिकामा करायला निघालो होतो.

सेंटर स्पीकर त्या नव्या शीटवर पहिल्या ओळीत आला. टीव्हीच्या स्वतःच्या दोन स्पीकरांतून संवाद, ढोल, गाडीचे हॉर्न सगळं एकत्र गोळा होऊन येतं. ५.१ मध्ये बहुतेक संवाद सेंटरमध्ये वेगळे असतात, आणि साध्यातल्या साध्या रिसीव्हरवरही एकट्या सेंटरचा आवाज चार डेसिबल चढवता येतो. बाकीचं आहे तिथेच ठेवून फक्त माणसं मोठ्यानं बोलायला लागतात. म्हणून पाच चॅनलचा साधा डबा घेतला, आणि वाचलेल्या पैशांतून बजेटात न बसणारा सेंटर. समोरचे दोन मित्राचे जुने, मागचे दोन स्वस्तातले. अ‍ॅटमॉस गेलं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. थिएटरात डोक्यावरून पाऊस पडताना ऐकला की माझी मान आपोआप वर जाते.

वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या मारायला माणूस आला तेव्हा पप्पा खुर्ची टाकून बसले होते. १६ गेजची वायर टाकून झाल्यावर त्यांनी त्याला थांबवलं आणि मला म्हणाले, "भिंत फोडलीच हाय तर वरपर्यंत दोन पाइप रिकामे टाकून घे. आत नुसती तार सोड. उद्या काही लागलं तर ओढून घेता येतंय."

दोन पाइप, दोन तारा, वर दोन कोऱ्या प्लेटा. खर्च तीनशेच्या आत. अ‍ॅटमॉसच्या दोन स्पीकरांची सोय झाली, आणि तीही रिसीव्हरच्या बाहेर, भिंतीत.

दिवाळीच्या पाडव्याला मी हौसेनं ‘सैराट’ लावला. त्याचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालंय, तेव्हा डब्याची परीक्षा होईल असं वाटलं. पप्पांनी अर्धा तास सभ्यपणे पाहिला. मग म्हणाले, "दादा कोंडक्यांचा लाव." ‘पांडू हवालदार’ १९७५ चा, मोनो. सराउंड मोडवर टाकला तर मोनो आवाज सगळा सेंटरमधून येतो. म्हणजे माझ्या पाच स्पीकरांपैकी चार गप्प बसले होते आणि पाचवा एकटा काम करत होता. पप्पा एका विनोदाला आईच्या आधी हसले. आईने माझ्याकडे पाहिलं. गेली दोन-तीन वर्षं ते आम्ही हसलो की मग हसायचे.

जानेवारीत कंपनीचा मेल आला, आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं. मेल येणार याचा अंदाज मला ऑक्टोबरपासून होता. फ्यूचरच्या रकान्यात मी एचडीएमआयची व्हर्जनं लिहिली होती, पण तो हॉल वापरायला मी असेन की नाही, हे लिहिलं नव्हतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर पप्पांना सांगितलं. ते दोरीवरचे कपडे काढत होते. "सळया सोडल्या तेव्हा वाटलं होतं, दोन-चार वर्षांत होऊन जाईल मजला," एवढंच म्हणाले आणि कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला. मी काही कबूल केलं नाही. नाही असंही म्हणालो नाही.

आता हिंजवडीत दोघांबरोबर राहतो, हेडफोनवर ऐकतो. मार्चमध्ये पप्पांनी कानाची मशीन घेतली, एकाच कानाला, "ट्रायल म्हणून". फोनवर आता ‘साठ’ला साठच म्हणतात. परवा सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते वरच्या पाइपात काय टाकायचं ते ठरलं का?"

"अजून नाही."

"बरं," ते म्हणाले. "प्लेट काढून तार ओढून बघितली होती मी. सरकतीय अजून."