पूर ओसरला, सर्व्हर रुसला

जुलै २०२१. पुण्याचं ऑफिस लॅपटॉपमधून घरी आलेलं, म्हणून मी मुक्कामी कोल्हापुरात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या पोराटोरांना पाढ्यांसारखे पाठ. त्या आठवड्यात पाणी ५० च्याही पुढे गेलं.

काकांचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. २०१९ ची आठवण ताजी होती, त्यामुळे पाणी रस्त्यावर दिसायच्या आधीच मी आणि चुलतभावाने ऑफिसचा जुना सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेला. भलतं जड धूड! वजन कमी व्हावं म्हणून चारही हार्ड डिस्क काढून पिशवीत घातल्या. भावाने प्रत्येकीवर मार्करने ०, १, २, ३ लिहिलं. मला ते सुचलंही नाही. आणि म्हणे मी आयटीवाला!

पाणी ओसरलं, चिखल उपसला, लाइट आली. डिस्क परत बसवल्या, बटण दाबलं. पंखे विमानासारखे घोंघावले, पुढचा दिवा नारिंगी झाला, स्क्रीन काळी ठार. आणि बीप. थांबून पुन्हा बीप.

"गाडीगत बंद करून परत चालू करून बघ की," काका म्हणाले. दहा वेळा केलं. टेन्शन वेगळंच होतं. शेजारच्या कापड दुकानदाराचा माल आणि स्टॉक रजिस्टर, दोन्ही पाण्यात गेलेलं. विम्याचा सर्व्हेअर परवा येणार आणि मालाचा हिशेब फक्त या धुडात. बॅकअप? होता ना. तळमजल्यावरच्या कपाटात, पेन ड्राइव्हवर.

शेवटी चहा घेतला आणि डोकं चालवलं. मशीन चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतं: प्रोसेसर, मेमरी, कार्डं. डिस्कवरच्या विंडोजची पाळी नंतर येते. म्हणजे बीप वाजतोय तोवर डेटा गेला म्हणून रडण्यात अर्थ नाही. बीपची भाषा मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी, त्यामुळे मित्राचं ऐकून अंदाज बांधू नका, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. आमच्या मॅन्युअलनं मेमरीकडे बोट दाखवलं.

वायर काढली, पाच मिनिटं थांबलो, झाकण उघडलं. जिन्यावरच्या आदळआपटीत रॅमची एक कांडी एका बाजूने उचकटली होती. आमच्या मशीनला कांड्या जोडीनंच लागतात. सगळ्या काढल्या, पुसल्या आणि एकच जोडी दोन्ही बाजूंनी 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवली. बीप बंद, स्क्रीनवर अक्षरं! मग एकेक जोडी वाढवत गेलो. (मशीन भिजलं असेल तर मात्र बटणाला हातच लावायचा नाही. आमचं कोरडं होतं, म्हणून हे धाडस.)

पुढची तक्रार तारखेची. मशीनच्या मते ते वर्ष २००० होतं. आठवडाभर लाइट नव्हती, आतला बटणसेल संपला होता. सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. हे काम सोपं.

खरी धडधड तिसऱ्या मेसेजला. रेड कार्ड म्हणालं, 'फॉरेन कॉन्फिगरेशन' सापडलंय. काढून लावलेल्या डिस्क त्याला परक्या वाटत होत्या. पर्याय दोन: इम्पोर्ट की क्लिअर. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याला फोन लावला, तर तो बिनधास्त म्हणाला, "क्लिअर मारा, नवीन बनवू." अहो, क्लिअर म्हणजे चार डिस्क मिळून डेटा कसा मांडलाय तो नकाशाच पुसायचा! फोन ठेवला. मार्करचे आकडे पुन्हा जुळवून बघितले, तर २ आणि ३ ची अदलाबदल झालेली. मशीन बंद करून त्या नीट लावल्या, परत चालू केलं, आणि काकांकडे न बघता इम्पोर्टवर एंटर मारलं.

विंडोज उघडायला किती वेळ लागला, ते विचारू नका. टॅली उघडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. काकांनी तेव्हाच दुकानदाराला फोन लावला. तो छत्री घेऊन आला, प्रिंटरमधून निघणारा एकेक कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचत बसला. "ह्यो शालूंचा गठ्ठा," मध्येच म्हणाला, "दिवाळीसाठी आणला होता बघा."

मी खाली जाऊन कपाटातला पेन ड्राइव्ह शोधला. चिखलानं भरलेला होता.