वर्तुळांतील दोष

दुखणें जेथें दिसतें तेथेंच त्याचें मूळ असतें असें समजणारा वैद्य आणि बिघाड जेथें जाणवतो तोच भाग काढून टाकणारा कारागीर, हे दोघे सख्खे भाऊ होत. पैकीं पहिल्याविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत आयुष्य गेल्यामुळें दुसऱ्याविषयीं चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

आमच्या प्रयोगशाळेंत व्हॉल्व्हच्या जमान्यांतील एक ऑसिलेटर आहे. निरनिराळ्या स्वरांचे शुद्ध विद्युत्-तरंग उत्पन्न करावयाचे आणि त्यांच्या साह्यानें इतर यंत्रांची परीक्षा घ्यावयाची, हें त्याचें काम. आंत एक ॲम्प्लिफायर असतो व त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरंगाचा कांहीं अंश फिरून त्याच्याच मुखाशीं आणून सोडलेला असतो. हाच फीडबॅक. तो एका वाटेनें आंदोलनास उत्तेजन देतो व दुसऱ्या वाटेनें त्यास आवर घालतो. ह्या दुसऱ्या वाटेवर विजेचा एक लहानसा दिवा बसविण्याची युक्ति विल्यम ह्यूलेट ह्यांनीं १९३९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत मांडली. आंदोलन वाढलें कीं दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो, आणि आंदोलन आपोआप मर्यादेंत येतें. १९४० सालच्या 'फँटेशिया' ह्या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठीं डिझ्नींच्या संस्थेनें ह्यूलेट ह्यांचीं असलीं आठ यंत्रें घेतलीं होतीं.

आमचें यंत्र ह्याच तत्त्वावर चालणारें. गेल्या वर्षीं त्याच्या तरंगाचीं शिखरें एका बाजूस छाटल्यासारखीं सपाट दिसूं लागलीं, आणि त्याचें नांव निर्लेखनाच्या यादींत चढलें. आमच्या विद्यार्थ्यांस झांकण उघडून आंतील प्रत्येक भाग डोळ्यांनीं पाहतां येईल असें तें शेवटचेंच यंत्र. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, दिवा बिघडला असेल." दुसरा सगळे व्हॉल्व्ह बदलावयास निघाला.

येथेंच वर्तुळाची अडचण आहे. सरळ रांगेंतील दोष पुढें पुढें जातो. वर्तुळांतील दोष फिरून मागें येतो, आणि जेथें पाहावें तेथें विकृतिच दिसते. कारण कोणतें व कार्य कोणतें हें उमगत नाहीं. म्हणून प्रथम वर्तुळ तोडावें लागतें. वीज बंद करून कंडेन्सरांत सांठलेला भार रिकामा केला, फीडबॅकची तार सोडविली, आणि बाहेरून स्वच्छ तरंग आंत सोडला. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर तो स्वच्छ होता. दुसऱ्याच्या प्लेटवर सपाट. दुसऱ्याच्या ग्रिडवर मीटरचा कांटा शून्यावर असावयाचा, तो चार व्होल्ट धन दाखवूं लागला.

आतां आरोपी दोन राहिले: तो व्हॉल्व्ह, अथवा पहिल्या प्लेटपासून ह्या ग्रिडपर्यंत येणारा कागदी कंडेन्सर. तरंग पुढें जाऊं द्यावयाचा व प्लेटवरील मोठा स्थिर दाब अडवावयाचा, हें कंडेन्सरचें कर्तव्य. आम्हीं व्हॉल्व्ह खोबणींतून काढून पुन्हां मोजलें. दाब नाहींसा झाला असता तर व्हॉल्व्ह दोषी ठरता. तो तसाच राहिला. वर्षानुवर्षें दमट हवा पिऊन कंडेन्सर गळूं लागला होता. थोडक्या रुपयांत नवा आला, आणि यंत्राचें नांव यादींतून निघालें.

दिवा बिचारा निर्दोष होता; तो केवळ सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. घरांतील कलह असो वा सभेंतील, तेथेंहि माणसें एकमेकांस असाच फीडबॅक देत असतात, आणि ज्याचा आवाज चढतो त्याच्याच माथीं दोष बसतो. क्षणभर वर्तुळ थांबवून कोणाच्या ठिकाणीं शून्य असावयास हवें होतें हें पाहण्याचें कष्ट कोण घेतो?

दिव्यावर संशय घेणाऱ्या त्या विद्यार्थ्यानेंच नव्या कंडेन्सरचे टांके दिले. नंतर प्रत्येक खोबणीवरील दाब मोजून त्यानें तो वहींत उतरला आणि ती वही यंत्राशेजारीं ठेवली. पुढें तें पुन्हां बिघडलें, तर मोजणाऱ्यास निरोगी यंत्राचे आंकडे तरी हातीं असतील.