बदामाची डहाळी

पॅलेस्टाईनच्या डोंगराळ मुलखात हिवाळा सरण्याआधीच फुलते ते बदामाचे झाड. अंगावर एकही पान नसताना त्याच्या काळपट फांद्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. हिब्रू भाषेत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागा राहणाऱ्याला ‘शोकेद’. यिर्मया संदेष्ट्याला आरंभीच्या दर्शनात हीच डहाळी दिसली. आपला शब्द खरा करायला देव जागा आहे, हा तिचा अर्थ.

पुढे इ.स.पू. 587 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला. शहर पडणार, हे सांगणारा यिर्मया कैदेत होता. तरीही त्याने अनाथोथ या आपल्या गावचे शेत 17 शेकेल चांदी तोलून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावले. शहर पडलेच, मंदिरही जळाले. संकट टळेल असे मानणे वेगळे आणि संकटानंतरही या मातीत पेरणी होईल असे मानणे वेगळे. बायबलमधली आशा ही दुसऱ्या जातीची आहे.

येशूच्या शिकवणीत ती अधिक खोल जाते. रानातल्या भूकमळांची शोभा दाखवताना, हेच गवत उद्या भट्टीत पडणार आहे, हेही तो लपवत नाही. मरण समोर दिसू लागल्यावर तो गव्हाच्या दाण्याचा दाखला देतो. कणगीतला दाणा एकटाच राहतो. मातीत पडलेला दाणा मात्र ओलीने फुगतो, त्याची साल फाटते, आधी मूळ खाली उतरते, मग कोंब वर येतो. दाण्यातला साठा कोंबाला पुरतो आणि मागे उरते ते रिकामे टरफल. ख्रिस्ती श्रद्धेने वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांचे नाते या दाण्यात पाहिले.

दाण्याची ही आशा आजही दिसते. मुंबईतला ईस्ट इंडियन हा ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा करतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. अनेक गावठाणांभोवतीची शेते केव्हाच इमारतींखाली गेली, तरी लोंब्या वेदीपर्यंत येतातच. शेत हरवल्याचे दुःख त्या लोंब्यांनी पुसले जात नाही. पण पिकलेली प्रत्येक लोंबी हे मातीत गेलेल्या एका दाण्याचे उत्तर असते, आणि ते हातात धरून माणसे प्रार्थनेला उभी राहतात.