कोळशाचं दीपगृह

मुलांनो, दीपगृह म्हटलं की उंच मनोरा आणि गरगर फिरणारा दिवा डोळ्यांसमोर येतो ना? पण ज्यात दिवाच नाही, नुसती कोळशाची भलीमोठी शेगडी आहे, असं दीपगृह कधी ऐकलंय? चला तर मग स्कॉटलंडला!

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्थची खाडी आहे. एडिंबरोच्या बंदराकडे जाणारी जहाजं इथूनच आत शिरतात. खाडीच्या तोंडाशी मे नावाचं बेट आहे, जेमतेम दोन किलोमीटर लांब. अंधारात जहाजं खडकांवर फुटू नयेत म्हणून १६३६ साली इथं एक दगडी बुरूज बांधला. स्कॉटलंडमधलं हे पहिलं कायमचं दीपगृह.

बुरुजाच्या गच्चीवर लोखंडी जाळीत रात्रभर कोळसा पेटता ठेवायचा. हा कोळसा कप्पीवरून दोरीनं वर ओढायचा. वर्षाला सुमारे ४०० टन! खर्च भागायचा जहाजांकडून घेतलेल्या करातून.

पण या जाळानं माणसंही घेतली. १७९१ च्या जानेवारीत बुरुजापाशी साचलेले राखेचे ढीग आतून धुमसत होते. त्यांचा विषारी वायू घरात शिरला. रखवालदार जॉर्ज अँडरसन, त्याची बायको आणि पाच मुलं गुदमरून मेली. वाचली फक्त तान्ही ल्यूसी. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, असं आजी का बजावते, ते कळलं ना?

शिवाय हा जाळ दुरून ओळखणंही सोपं नव्हतं. डिसेंबर १८१० मध्ये दोन ब्रिटिश युद्धनौका चुन्याच्या भट्टीचा उजेड मे बेटाचा समजून किनाऱ्यावर आपटल्या आणि फुटल्या!

मग मात्र चक्रं हलली. १८१४ साली दीपगृह मंडळानं बेट विकत घेतलं आणि १८१६ साली रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी किल्ल्यासारखं दिसणारं नवं दीपगृह उभारलं. त्यात तेलाचे दिवे होते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे आजोबा बरं का!

जुना बुरूज पाडणारच होते. पण प्रसिद्ध लेखक सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याचे अवशेष राखायला सुचवलं. म्हणून त्याचा खालचा भाग आजही उभा आहे.

१९८९ पासून नव्या दीपगृहातही रखवालदार नाही; दिवा आपोआप लागतो. उन्हाळ्यात बेटावर राज्य असतं ते रंगीत चोचीच्या पफिन पक्ष्यांचं.

तुम्ही समुद्रकाठी दीपगृह पाहाल, तेव्हा रात्रभर कोळसा ओढणाऱ्या त्या हातांची आठवण जरूर काढा!