नक्कल आणि नातं
मुलाच्या मुंजीच्या वेळी आउटलुकमधले पत्ते मी ॲक्सेसमध्ये आणून ठेवले होते. यंदा मुलीच्या लग्नाला तीच यादी काढली. बी.कॉम.ला डबल एंट्री शिकलेला माणूस मी. एकीकडे खोडलं की दुसरीकडेही खोडलं जाणार, असं धरून चाललो. पण त्यासाठी 'लिंक' करायचं असतं म्हणे! मी केलं होतं 'इम्पोर्ट', म्हणजे त्या दिवसापुरती नक्कल. झालं! दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नानामामांच्या नावे पत्रिका रवाना झाली. मामीचा फोन आला तेव्हा मला घाम फुटला.

"किती दिवसांनी पाकिटावर ह्यांचं नाव पाहिलं रे," मामी म्हणाली. "खोडू नकोस हो."

लिंक करायचं तूर्त राहू दिलंय.